टाकळीचा भुंगेरा

लोमाटस हिस्लोपी हे एका भुंगेऱ्याचं नाव आहे. अख्खा भुंगेरा मिळालेलाच नाही. त्याच्या पाठीवरच्या टणक पंखाचा ठसा तेवढा नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडात निघाला आणि १८६० साली अँड्र्यू मरे या कीटकतज्ज्ञाने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्याचं वर्णन छापलं. त्याच लेखात आणखी एका भुंगेऱ्याला मेरिस्टॉस हंटेरी असं नाव दिलंय. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोघं नागपुरातले स्कॉटिश पाद्री. पैकी हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं, त्यामुळे ते नाव नागपुरात ऑटोवाल्यालाही ठाऊक असतं. भुंगेऱ्याबद्दल तिथल्या कोणाला विचारलं तर माणूस आपल्याकडे जरा काळजीने बघतो. मी विचारून पाहिलंय.

जुन्या काळी दगड गोळा करत फिरणाऱ्या माणसांबद्दल मला कायम कुतूहल वाटत आलंय. ही माणसं पगार घ्यायची एका कामाचा आणि जीव टाकायची दुसऱ्याच कामावर. कोणी पलटणीतला डॉक्टर, कोणी मोजणी खात्यातला, कोणी रेल्वेचा इंजिनिअर, कोणी पाद्री. आपल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात जी पहिली जीवाश्मं नोंदली गेली, ती सगळी अशाच लोकांनी नोंदली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं कलकत्त्याला सुरू झालं तेच मुळी १८५१ मध्ये. त्याआधी जे काही झालं ते हौसेवर.

हिस्लॉप १८१७ चा. जन्म स्कॉटलंडच्या बेरिकशायरमधल्या डन्स गावचा. भूविज्ञान वाचलेल्यांचे कान इथे टवकारतील. याच परगण्यात जेम्स हटनची शेती होती आणि याच परगण्याच्या किनाऱ्यावर, सिकार पॉइंटला, १७८८ मध्ये हटनने उभ्या थरांवर आडवे थर बसलेले पाहून पृथ्वीच्या वयाचा अंदाज पार बदलून टाकला. मातीचा गुण वगैरे म्हणायचा मोह होतो, पण तसं काही नसावं. हिस्लॉप नागपूरला आला १८४५ मध्ये, तो शाळा काढायला आणि धर्मप्रसार करायला. भोसल्यांचं राज्य अजून होतं. तो मराठी शिकला, मुलांना शिकवू लागला आणि पावसाळा सरला की घोड्यावरून गावोगाव दौरे काढू लागला. धर्मप्रसारात त्याला किती यश आलं हा वेगळा विषय आणि मला त्यात फारसा रस नाही. दौऱ्यात तो रस्त्याकडेला वाकून काय उचलत होता, त्यात आहे.

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांना टाकळीच्या माळावर शंख असलेला दगड दिसला. टाकळी तेव्हा गावाबाहेर, छावणीच्या बाजूला होती. आता काटोल रोडला गिट्टीखदानचा सगळा भाग शहरात असा मिसळलाय की इथे कधी माळ होता हे सांगूनही पटत नाही. नावातच खदान आहे, पण तिथे राहणाऱ्यांना ती आठवत असेलच असं नाही.

त्या दगडाची गंमत समजायची तर त्याची जागा बघावी लागते. आपला जवळजवळ सगळा पश्चिम आणि मध्य महाराष्ट्र लाव्हारसाच्या थरांनी बनलाय आणि त्याची पूर्वेची कड नागपूरपाशी संपते. लाव्हा एका दमात आला नाही. एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग बराच काळ काहीच नाही. तेवढ्या वेळात वरचा दगड कुजून माती व्हायची, सखल जागी पाणी साचायचं, तळं व्हायचं, त्यात शंख, मासे, शेवाळ, काठाला झाडं. आणि मग पुढचा लोट. दोन भाकऱ्यांच्या मध्ये पिठलं घालून बांधलेल्या शिदोरीसारखा तो तळ्याचा गाळ काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये अडकून बसायचा. जाडी कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. पाण्यातून झिरपलेल्या सिलिकेने बऱ्याच ठिकाणी तो गाळ गारगोटीइतका कडक झाला, म्हणून आतलं सगळं टिकलं. भूवैज्ञानिक या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात.

एका स्नेह्यांनी दिलेला असा एक तुकडा माझ्या टेबलावर असतो. राखाडी, कडा धारदार, हातात घेतला तर वाटतो त्याहून जड. एका बाजूने शंख अर्धा बाहेर आलाय, अंगठ्याच्या पेराहून मोठा. त्याचं टोक वर धरलं आणि तोंड आपल्याकडे केलं तर ते तोंड डाव्या हाताला येतं. गोगलगायी, समुद्रातले शंख, बहुतेक सगळे उजव्या तोंडाचे असतात. हा फायसा कुळातला, जन्मजात डावखुरा. तुटलेल्या भागात आतले वेढे दिसतात आणि त्या वेढ्यांच्या पोकळीत दुधी, अर्धपारदर्शक सिलिका भरलीय. भिंग घेतलं तर त्याच दगडात मिलिमीटरभर आकाराचे गोळे दिसतात, प्रत्येकावर पिळदार रेघा. हे कारा नावाच्या पाणवनस्पतीचे बीजकोष आहेत. तळ्याचं पाणी गोडं होतं आणि फार खोल नव्हतं, एवढं या दोन पुराव्यांवरून कोणीही सांगू शकतं. १८५० मध्येही सांगता येत होतं.

शंखाचं नाव फायसा प्रिन्सेपी आणि ते हिस्लॉपच्याही आधीचं. त्यामागे एक डॉक्टर आहे, जॉन ग्रँट माल्कमसन. मद्रासच्या वैद्यकीय खात्यातला. दख्खनच्या लाव्हा प्रदेशाच्या पूर्व भागातली जीवाश्मं त्याने गोळा करून त्यांवर १८३७ मध्ये लंडनच्या सोसायटीपुढे निबंध सादर केला. शंखाला नाव मिळालं जेम्स प्रिन्सेपचं, ज्याने ब्राह्मी वाचली त्याचं. काराच्या एका जातीला माल्कमसनचं. पुढे १८४४ मध्ये तो खानदेशात, धुळ्याला, तापाने गेला.

माल्कमसनच्याही आधी हेन्री व्हॉयसी. तोही डॉक्टरच, पण लॅम्ब्टनच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला जोडलेला. लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. व्हॉयसीने मेळघाटात गाविलगडच्या डोंगरात काळ्या दगडांच्या थरांमध्ये शंख पाहिले आणि नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर एक आख्खा निबंध लिहिला. १८१७ च्या लढाईमुळे ती टेकडी इतिहासात गेली. अवघ्या काही वर्षांत एक माणूस तिथे हातोडी घेऊन गेला, हे फारसं कोणी सांगत नाही. तो निबंध छापून आला तेव्हा व्हॉयसी हयात नव्हता. १८२४ मध्ये कलकत्त्याला जाताना वाटेतच तो गेला होता. या लोकांची चरित्रं वाचताना शेवटच्या पानावर ताप असणार, हे धरूनच चालायचं.

तर हिस्लॉप आणि हंटर. दोघांनी मिळून १८५५ मध्ये नागपूर परिसराचं भूविज्ञान आणि जीवाश्मं यांवर लिहिलेला मोठा लेख त्याच त्रैमासिकात आला. मी तो वाचायला घेतला तेव्हा पाद्र्याचा रुक्ष इंग्रजी लेख असेल अशी तयारी ठेवली होती. पण विदर्भातल्या माणसाला तो वेगळाच लागतो, कारण त्यात गावं आहेत. कामठी, सिल्लेवाडा, भरतवाडा, कोराडी, मांगली. इंग्रजी स्पेलिंगं अशी की मोठ्याने वाचल्याशिवाय गाव कळत नाही. जिथे आज वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या कोराडीच्या मातकट दगडात या माणसांना जुन्या किड्यांच्या सरपटण्याच्या खुणा दिसल्या होत्या.

मांगलीच्या लालसर वालुकाश्मातून त्यांना एक कवटी मिळाली. ती गेली रिचर्ड ओवेनकडे. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ मध्ये डायनोसॉर हा गट पहिल्यांदा मांडला. त्याने १८५५ मध्ये तिचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा, बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्या दूरच्या नात्यातला प्राणी. कामठीकडच्या दगडातली पानं गेली चार्ल्स बनबरीकडे. त्याचा लेख १८६१ चा. त्यात ग्लॉसोप्टेरिस होतं, जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर असलेलं पान. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात सापडत राहिलं, आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीच्या घसरगाडीवर जे सोळा किलो दगड मिळाले त्यांतही ते होतं. खंड एकेकाळी जोडलेले होते या म्हणण्याला ज्या पुराव्यांनी बळ दिलं, त्यांत कामठीच्या पानाचे सगेसोयरे आहेत. हिस्लॉपला यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. तो फक्त पान कुठल्या दगडात होतं ते लिहीत होता.

आणि इथेच मला या माणसाचा खरा गुण वाटतो. त्याचे निष्कर्ष बऱ्याच ठिकाणी चुकले. टाकळीचा थर त्याने तृतीयक काळातला, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा मानला. हिस्लॉप-हंटर यांचं म्हणणं असं की मुळात एक विशाल गोड्या पाण्याचं सरोवर होतं, वरचा काळा दगड त्यावर ओतला गेला आणि खालचा काळा दगड नंतर जमिनीतून वर घुसला. म्हणजे भाकरी, मग पिठलं, मग भाकरी हा साधा क्रम त्यांना मान्य नव्हता. पुढे सर्वेक्षण खात्यातल्या ब्लँफर्डने हे थर उघड्या जमिनीवर एकावर एक साचल्याचं दाखवलं. पाद्रीबुवांचा सिद्धान्त निकालात निघाला. पण थर कुठे आहे, त्याच्या खाली काय, वर काय, त्यात कुठला शंख कुठल्या बियांसोबत होता, याला कोणी हात लावू शकलं नाही. ब्लँफर्डला त्यांचं खोडून काढायलाही त्यांचीच नोंद उपयोगी पडली.

याच्या अगदी उलट टोकाचा किस्सा जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गचा. योहान बेरिंगर, विद्यापीठात वैद्यकशाखेचा प्रमुख, हुशार माणूस. १७२५ मध्ये जवळच्या टेकडीवरून पोरं त्याला दगड आणून देऊ लागली. दगडांवर बेडूक, जाळ्यासकट कोळी, सूर्य, धूमकेतू, पुढे पुढे तर हिब्रू अक्षरं. बेरिंगरने त्यांची सुंदर चित्रं काढून घेतली आणि १७२६ मध्ये लॅटिन ग्रंथ छापला. दगड त्याच्याच दोन सहकाऱ्यांनी, रोडरिक आणि एकहार्ट यांनी, कोरवून पेरले होते. लोक या गोष्टीकडे भोळ्या विद्वानाची फजिती म्हणून बघतात. मला त्यात वेगळंच दिसतं. त्याच्या ग्रंथात दगडाचं चित्र आहे, रेघन् रेघ आहे, छिन्नीच्या खुणांपर्यंत सगळं आहे. पण दगड कुठल्या थरातून, कशाच्या खालून निघाला हे पाहण्याची त्याला गरजच वाटली नाही. थर बघितला असता तर सुटे दगड सुटेच दिसले असते.

आपल्याकडे दगडाची जागा लक्षात ठेवायची सवय वेगळ्या वाटेने आली आणि ती फार जुनी आहे. पंचायतन पूजेत जे पाच दगड असतात ते कुठलेही चालत नाहीत. विष्णूचा शाळीग्राम गंडकीचाच. शंकराचा बाण नर्मदेचाच. गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा, देवीचा सुवर्णमुखीतला, सूर्याचा स्फटिक. शाळीग्राम तर सरळ जीवाश्म आहे, हिमालय उठण्याआधी तिथे जो समुद्र होता त्यातल्या अमोनाइटचा. त्यावरच्या चक्रांवरून, छिद्रांवरून, रंगावरून त्याचे प्रकार ठरवणारे अध्याय पुराणांत आहेत. वासुदेव कुठला, संकर्षण कुठला, नृसिंह कुठला. उद्देश पूजेचा, पण निरखणं खोटं नाही. आमच्या आजीला शाळीग्रामाचं चक्र कुठून सुरू होऊन कुठे संपतं ते बोटाने दाखवता यायचं, आणि पुजेच्या वेळी सोडून त्याला हात लावलेला तिला खपायचा नाही. संग्रहालयातला क्युरेटर याहून वेगळं वागत नाही.

काही वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या पायथ्याशी एका दुकानात हिरवट, पाणीदार एपोफिलाइटच्या स्फटिकांचा सुरेख गुच्छ दिसला. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची अशी खनिजं आणि त्यांचे भाऊबंद जितके येतात तितके जगात फार थोड्या ठिकाणी येतात. बाहेरचे लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. मी दुकानदाराला विचारलं, कुठल्या खाणीतला?

"ताई, जळगावचा समजा."

"समजा म्हणजे?"

"आता येतात चार ठिकाणाहून. जळगाव येतं, नाशिक येतं, तिकडं जालन्याकडून येतं. गिऱ्हाइकाला कुठं पाहिजे असतं? तुम्हाला चिठ्ठी पाहिजे का? लिहून देतो की."

त्याने खरंच दिली असती, मी सांगेन त्या गावाची. दगड मी घेतला नाही. किंमत हेही एक कारण होतं, उगाच तत्त्वाचा आव आणत नाही. पण युरोपातल्या जुन्या संग्रहांत दख्खनच्या खनिजांवर जे सरसकट 'पूना' लिहिलेलं असतं ते असंच झालं असणार, हे तिथे उभं राहून कळलं. घाटात कुठेतरी रस्ता फोडताना गुच्छ निघायचा, तो पुण्याच्या छावणीत यायचा, तिथून बोटीवर. १८३१ मध्ये ब्रुकने अशाच एका सुईसारख्या झिओलाइटला पूनालाइट नाव दिलं होतं. पुढे ते निराळं खनिज नाहीच असं ठरलं आणि नाव रद्द झालं.

हिस्लॉपच्या वाट्यालाही हे आलं. १८५९ मध्ये डब्लिनच्या हॉटनने टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट म्हटलं आणि नागपूरच्याच दुसऱ्या एका पदार्थाला हंटराइट. हिस्लोपाइट निघालं कॅल्साइटच, ग्लॉकोनाइट मिसळल्यामुळे हिरवं झालेलं. दोन्ही नावं आता खनिजांच्या यादीत नाहीत. मात्र मुंबईच्या हेन्री कार्टरने १८५८ मध्ये नागपूरच्या गोड्या पाण्यातल्या एका बारीक, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्याला हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस नाव दिलं, ते अजून चालू आहे. तळ्यातल्या पानांना, शिंपल्यांना चिकटलेला तो पातळ पापुद्रा नागपूरकर रोज बघत असतील आणि शेवाळ समजून सोडून देत असतील.

या नावांकडे जरा सलग बघितलं तर एक गोष्ट बोचते. हिस्लॉप, हंटर, माल्कमसन, प्रिन्सेप. टाकळीच्या खदानीत घण मारणारा, मांगलीची कवटी बाहेर काढायला हात लावणारा, दगडांच्या पेट्या बैलगाडीवर चढवणारा यांच्यातलं कोणी भुंगेऱ्याच्या पंखापर्यंतही पोचलं नाही. त्या काळाची रीत होती असं म्हणता येतं, आणि हिस्लॉपला एक श्रेय द्यायलाच हवं. गोंडांची गाणी त्याने परधान गायकांकडून ऐकून उतरवून घेतली होती, लिंगोची कथा त्यात होती, आणि ती मूळ गोंडी शब्दांसकट. त्याच्या मागे मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये ते कागद छापले म्हणून ते वाचले. दगड असो की गाणं, ऐकल्या-पाहिल्या जागीच टिपून ठेवायचा त्याचा स्वभाव होता. तरी गाणाऱ्याचं नाव जितकं ठसठशीत यायला हवं तितकं येत नाहीच.

'मागे' म्हटलं, कारण हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला गेला. ताप नाही, पाणी. नागपूरच्या दक्षिणेला, आजच्या बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट आहे. तिथे जुनी शिळावर्तुळं आहेत, ती बघायला तो टेंपलच्या तळाबरोबर गेला होता. परतताना घोड्यावरून नाला ओलांडायला गेला, नाल्याला पूर होता. वय शेहेचाळीसला चार दिवस कमी. त्याच वर्षी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झालं.

टाकळीचं काम मात्र थांबलं नाही. १८९० मध्ये लिडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने टाकळीहून आलेल्या एका दाताचं वर्णन केलं आणि त्याला एका जुन्या डायनोसॉरच्या वंशात बसवलं. नंतरच्या अभ्यासकांनी तो वंश खोडला, दात मांसाहारी डायनोसॉरचा ठरवला. पण डायनोसॉरचा दात हिस्लॉपच्या थरात आहे म्हटल्यावर थराचं वय आपोआप मागे सरकलं. पुढे १९८० च्या दशकात थराची माती धुऊन, चाळून बघायला सुरुवात झाली. डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे बारके तुकडे निघाले. १९८४ मध्ये गेये, राज आणि राणा या फ्रेंच-भारतीय अभ्यासकांनी गिट्टीखदानातून माशांचे अवशेष वर्णिले. तारली आणि पाला ज्या कुळातले, त्या कुळातले मासेही त्यांत होते. आता या थरांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं मानतात. डायनोसॉर संपले त्याच सुमाराला लाव्हाचे लोट येत होते आणि मधल्या फुरसतीत नागपूरच्या तळ्यात भुंगेरे पडत होते.

हिस्लॉपच्या लेखांत आणखी एक गाव येतं, त्याच्या स्पेलिंगात 'फिझदुरा'. म्हणजे वरोऱ्याजवळचं पिसदुरा, चंद्रपूर जिल्हा. तिथल्या लाल मातीत त्याला मोठी हाडं दिसली होती. हाडांबरोबर तिथे अश्मीभूत शेणाचे गोळे मिळतात, काही मुठीएवढे, शेतात नांगर लागला की वर येणारे. त्यांची चर्चा विसाव्या शतकात होत राहिली. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले काही गोळे आम्लात विरघळवून आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आत गवताच्या पेशींमधले सिलिकेचे सूक्ष्म कण होते, आणि तेही एका जातीचे नाहीत, निरनिराळ्या गवतांचे, त्यात भाताच्या कुळाशी जवळीक असलेलेही. तोवर पाठ्यपुस्तकं सांगत होती की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतं किंवा असलं तरी नगण्य. म्हणून चित्रांतल्या डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं तर जाणकार हसायचे. पिसदुऱ्यानंतर हसणं बंद झालं.

हे शेण नेमकं कोणाचं, यावर अजून वाद आहे. बहुतेकांचं बोट लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरकडे जातं, कारण त्यांची हाडं त्याच मातीत आहेत. पण आकार बघता सगळे गोळे एकाच प्राण्याचे वाटत नाहीत. मी पाहिलेल्यांपैकी एक तर इतका नीटस, दोन्हीकडे निमुळता आणि मळसूत्रासारखा पिळलेला होता की तो एवढ्या अगडबंब जनावराचा म्हणायला मन तयार होईना.